वाट कोणाची, नाव कोणाचे

२४ एप्रिल १४९८ रोजी वास्को द गामा आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मालिंदी बंदरातून निघाला, तेव्हा पुढच्या समुद्राची त्याला काहीच माहिती नव्हती. मालिंदीच्या सुलतानाने त्याच्याबरोबर एक वाटाड्या दिला. हा माणूस गुजरातचा मुसलमान होता असे पोर्तुगीज बखरकार सांगतात. त्याच्या नावाबद्दल मात्र अजून एकवाक्यता नाही. त्याने नैर्ऋत्येचे वारे साधले आणि २३ दिवसांत मलबारचे डोंगर दाखवले. परतीला गामाने वारे फिरण्याची वाट पाहिली नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच कारवारजवळच्या, आज गोव्यात मोडणाऱ्या अंजदीव बेटावरून त्याने शिडे उभारली. तोच समुद्र ओलांडायला या खेपेला जवळजवळ तीन महिने लागले. कधी वारा पडलेला, कधी समोरून येणारा. हिरड्या आणि पाय सुजून तीसेक खलाशी वाटेतच दगावले. एकेका जहाजावर काम करू शकणारे जेमतेम सात-आठ जण उरले. माणसे पुरेनात म्हणून शेवटी एक जहाज जाळून टाकावे लागले.

जहाजे तीच, कप्तानही तोच. वाऱ्याचा ऋतू ओळखणाऱ्याचे ऐकले तेव्हा काय झाले आणि तो ऋतू धाब्यावर बसवला तेव्हा काय झाले, हे या दोन फेऱ्यांत उघड दिसते. अरब, गुजराती, स्वाहिली आणि मलबारी दर्यावर्दी हे वेळापत्रक हजार वर्षांहून अधिक काळ पाळत आले होते. म्हणून गामाचे श्रेय नाकारावे असे नाही. दक्षिण अटलांटिकमध्ये तीन महिने जमीन दृष्टीस न पडता जहाजे हाकण्याचे धाडस त्याच्या तांड्याने केले, आणि आफ्रिकेला वळसा घालून युरोपची वाट हिंदी महासागराच्या वाटेला जोडली. सांधा त्याने जोडला. सांध्यापुढचा रस्ता मात्र आधीच वाहता होता.

या पुस्तकाचा विषय तो सांधा आणि तो वाहता रस्ता असा दोन्ही आहे. नावाजलेल्या प्रवाशांची चरित्रे आपल्याकडे इतिहासाच्या कपाटात ठेवतात, आणि ज्यांचे जगणेच प्रवासात गेले त्या समाजांची माहिती समाजशास्त्राच्या किंवा गॅझेटियरच्या कपाटात. एकाला शोधक म्हणतात, दुसऱ्याला भटके. इथे दोघांना शेजारी बसवले आहे, आणि ही मांडणी केवळ सोयीची नाही. इतिहासातले कितीतरी मोठे शोधक कुठल्या ना कुठल्या भटक्या समाजाच्या ज्ञानावर उभे होते. म्हणून वाचकाने प्रत्येक प्रवाशाला तीन प्रश्न विचारावेत: तू कोणाच्या वाटेने गेलास? तुझी नोंद का टिकली? आणि तू गेल्यानंतर त्या वाटेवरच्या माणसांचे काय झाले?

पहिल्या प्रश्नाला चिनी भिक्षू युआन श्वांग याच्याइतके सरळ उत्तर क्वचितच कोणी देईल. सातव्या शतकात, बादशहाची बंदी मोडून तो पश्चिमेकडे निघाला. परतला तो ६४५ मध्ये, ६५७ ग्रंथ घेऊन. मधल्या काळात त्याने नालंदेत अध्ययन केले आणि पुलकेशी दुसरा याच्या महाराष्ट्रालाही भेट दिली. इथले लोक उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असा त्याचा अभिप्राय आहे. पण हा सगळा प्रवास सुरुवातीलाच संपायचा होता. चीनच्या सीमेवर त्याला वाट दाखवायला एक मध्य आशियाई तरुण तयार झाला. या तरुणाने एका म्हाताऱ्याला आणले आणि म्हाताऱ्याने आपला रोडका, तांबडा घोडा पुढे केला. दिसायला मरतुकडा, पण वाळवंटापलीकडच्या हामीची वाट हा घोडा पंधरा वेळा तुडवून आला होता. भिक्षूने आपला घोडा देऊन तो घेतला. पुढे एका रात्री तो तरुणच सुरी उपसून जवळ आला, मग विचार बदलून मागे फिरला. एकट्या राहिलेल्या युआन श्वांगच्या हातून पाण्याची पखाल निसटली आणि सगळे पाणी वाळूत गेले. चार रात्री आणि पाच दिवस त्याने पाण्याच्या थेंबाविना काढले. अखेर घोडाच लगाम न जुमानता भलत्या दिशेला वळला आणि त्याला गवत-पाण्यापाशी घेऊन गेला. त्या घोड्याला पाणवठा ठाऊक होता, कारण त्याचा जुना मालक व्यापाऱ्यांच्या त्या वाटेवर आयुष्यभर ये-जा करत आला होता.

त्या वाटेवरचे मोठे व्यापारी म्हणजे समरकंद परिसरातले सोग्दी. चीनपासून इराणपर्यंत रेशीम, कस्तुरी, चांदी यांचा व्यवहार शतकानुशतके त्यांच्या हातात होता. त्यांच्यात जगप्रसिद्ध शोधक कोणी नाही. पण १९०७ मध्ये ऑरेल स्टाइन या संशोधकाला चीनमधल्या दुनहुआंगजवळच्या एका पडक्या टेहळणी बुरुजात त्यांची काही पत्रे सापडली. ती इ.स. ३१३ च्या सुमारास लिहिलेली आहेत आणि ज्यांना लिहिली त्यांच्यापर्यंत कधी पोचलीच नाहीत. त्यांत मिवनाय नावाच्या बाईने नवऱ्याला लिहिलेले पत्र आहे. आई आणि भाऊ नको म्हणत असताना मी तुझ्या शब्दावर दुनहुआंगला आले, तू मला इथे टाकून गेलास, तुझी बायको होण्यापेक्षा एखाद्या कुत्र्याची वा डुकराची झाले असते तर बरे होते, असा तिचा संताप आहे. रेशीम मार्गावरच्या उंटांच्या रांगांची रम्य चित्रे आपण खूप पाहिली. त्या मार्गाचा घरगुती हिशेब या एका पत्रात मिळतो. प्रवास हा ज्यांचा धंदा होता, त्यांच्या बायकामुलांनी त्याची किंमत कशी मोजली, हे कोणत्याही प्रवासवर्णनापेक्षा इथे स्पष्ट कळते.

पॅसिफिक महासागरातल्या पॉलिनेशियन लोकांनी तर पहिला प्रश्न उलटाच केला. युरोपीय जहाजे तिथे पोचली तेव्हा वस्ती करण्याजोगे जवळजवळ प्रत्येक बेट त्यांनी आधीच वसवलेले होते. हवाई, ईस्टर बेट आणि न्यूझीलंड ही तीन टोके धरली तर होणारा त्रिकोण एखाद्या खंडाला लाजवील एवढा मोठा आहे. दोन होड्या आडव्या वाशांनी जोडून केलेल्या नावेत डुकरे, कोंबड्या, कुत्री, अळूचे कंद आणि फणसाच्या जातीची रोपे घेऊन ही कुटुंबे निघत. होकायंत्र नाही, लिखित नकाशा नाही. क्षितिजावर कोणता तारा कुठे उगवतो आणि कुठे मावळतो हे पाठ. ढगाळ रात्री नावेच्या तळाशी पडून लाटांचे हेलकावे अंगाने ओळखायचे. सकाळी समुद्राकडे आणि संध्याकाळी जमिनीकडे उडणारे पक्षी पाहून बेट किती दूर आहे याचा अंदाज बांधायचा.

१७६९ मध्ये ताहितीला आलेल्या कॅप्टन जेम्स कुकच्या जहाजावर तुपाया नावाचा असाच एक जाणता पुरोहित चढला. मूळचा राइआतेआ बेटाचा. त्याने कुकसाठी ७४ बेटांचा नकाशा तयार केला. न्यूझीलंडला पोचल्यावर माओरी लोकांना त्याची भाषा कळली आणि कुकचे काम सोपे झाले. जहाज कितीही वळणे घेत गेले तरी ताहिती कोणत्या दिशेला आहे हे तो बोटाने दाखवी. १७७० च्या डिसेंबरात बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, तो आजारपणात वारला. पुढे या ज्ञानावर एवढी धूळ साचली की पॉलिनेशियन लोक वाऱ्याने भरकटत योगायोगाने बेटांवर लागले असावेत, असे विद्वान लिहू लागले. त्याला उत्तर मिळाले ते १९७६ मध्ये. जुन्या धाटणीची 'होकुलेआ' ही नाव हवाईहून ताहितीला नेण्याचे ठरले. हवाईत जुनी विद्या जाणणारा कोणी उरला नव्हता, म्हणून मायक्रोनेशियातल्या सातावाल या चिमुकल्या बेटावरून माउ पियाइलुग यांना बोलावले. त्यांनी एकही यंत्र न वापरता सुमारे ४००० किलोमीटरचा समुद्र महिन्याभरात पार करून दाखवला. नंतर त्यांनी ही विद्या हवाईच्या तरुणांना शिकवली.

भटका समाज आणि शोधक ही दोन रूपे एकाच माणसात पाहायची असतील तर हिमालयात जावे लागते. कुमाऊँच्या जोहार खोऱ्यातले भोटिया पिढ्यान्‌पिढ्या उंच खिंडी ओलांडून तिबेटशी मीठ, लोकर, टाकणखार आणि धान्य यांचा व्यापार करत. तिबेट गोऱ्यांना बंद होते, पण भोटियांना कोणी अडवत नसे. ब्रिटिश सर्वेक्षण खात्याच्या कॅप्टन माँटगोमेरीने हे हेरले आणि मिलम गावचे शाळामास्तर नैनसिंग रावत यांना डेहराडूनला प्रशिक्षणासाठी बोलावले. चढ असो वा उतार, पाऊल सारख्याच लांबीचे पडले पाहिजे, इतकी तालीम त्यांच्याकडून करून घेतली. मैलाला दोन हजार पावले. जपमाळेत १०८ मणी असतात. त्यांच्या माळेत शंभरच होते. शंभर पावले झाली की एक मणी ओढायचा, माळ पुरी झाली की पाच मैल. हातातल्या प्रार्थनाचक्रात मंत्राच्या जागी कागदावर टिपलेल्या नोंदी, काठीच्या पोकळीत उष्णतामापक, कवड्यांमध्ये पारा आणि पेटीच्या चोरकप्प्यात कोनमापक. १८६६ च्या जानेवारीत ते ल्हासाला पोचले. उकळत्या पाण्याचे तापमान मोजून त्यांनी शहराची उंची काढली, त्याचे स्थान नकाशावर बसवले आणि सुमारे १२०० मैल पावलांनी मोजून परतले. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने १८७७ मध्ये त्यांना सुवर्णपदक दिले.

पण सगळ्यांच्या नशिबी पदक नव्हते. सिक्कीमच्या किंथुपला लिहिता-वाचता येत नव्हते. तिबेटची त्सांगपो आणि आसामची ब्रह्मपुत्रा एकच आहेत का, हे ठरवण्यासाठी १८८० मध्ये त्याला एका लामाबरोबर धाडले. लामाने त्यालाच गुलाम म्हणून विकून टाकले. तो पळाला, पुन्हा सापडला, मठात राबला. तरीही मठाकडून रजा काढून त्याने खुणा केलेले ५०० ओंडके, दिवसाला पन्नास या हिशेबाने, नदीत सोडले. खालच्या अंगाला ते टिपायला कोणी नव्हते, कारण ओंडक्यांबद्दलचा त्याचा निरोप ज्या अधिकाऱ्यासाठी होता तो केव्हाच हिंदुस्थान सोडून गेला होता. चार वर्षांनी परतल्यावर त्याच्या हकिगतीवर कोणी फारसा विश्वास ठेवला नाही. १९१३ मध्ये बेली आणि मोर्सहेड हे दोन अधिकारी त्या भागात जाऊन आले, तेव्हा त्याचे म्हणणे बव्हंशी खरे ठरले. तोवर तीस वर्षे उलटून गेली होती.

इथे दुसरा प्रश्न समोर येतो: नोंद का टिकते? पोचणे आणि इतिहासात राहणे यांत फार अंतर असते. न्यूफाउंडलंडच्या उत्तर टोकाला लान्स-ओ-मेडोज येथे सापडलेल्या नॉर्स वस्तीतली लाकडे इ.स. १०२१ मध्ये तोडली होती, हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने वर्षासकट सिद्ध केले. म्हणजे कोलंबसाच्या ४७१ वर्षे आधी युरोपीय माणूस अमेरिकेत झाडे तोडत होता. पण त्याच्या मागे राजा नव्हता, सावकार नव्हता, छापखाना नव्हता. म्हणून जगाच्या व्यवहारात काही फरक पडला नाही. चीनच्या झेंग ह याच्याकडे तर सर्व काही होते. १४०५ ते १४३३ दरम्यान सात मोहिमा, पहिल्याच मोहिमेत शेकडो जहाजे आणि २७ हजारांहून अधिक माणसे, आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत मजल. दरबाराचे धोरण फिरले आणि मोहिमा थांबल्या. ज्या दरबाराने खर्च केला, त्यालाच पुढे ती आठवण नकोशी झाली.

उलट मोरोक्कोचा इब्न बतूता. तंजीरहून १३२५ मध्ये निघालेला हा तरुण दौलताबादसह निम्मे जग पाहून परतला, आणि मोरोक्कोच्या सुलतानाने त्याच्या हाताशी लेखनिक देऊन सगळी हकिगत लिहवून घेतली म्हणून तो आपल्यापर्यंत आला. अफनासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याची कथा मराठी वाचकाने मुद्दाम वाचावी. १४६९ च्या सुमारास तो एक घोडा घेऊन कोकणात चौलला उतरला. जुन्नरच्या खानाने घोडा काढून घेतला आणि धर्म बदल, नाहीतर घोडा विसर, असे बजावले. एका खुरासानी गृहस्थाच्या रदबदलीने दोन्ही वाचले. पावसाळाभर चिखल तुडवत तो जुन्नरला राहिला, बीदरला गेला, दाभोळहून परतला आणि घरी पोचण्याआधीच स्मोलेन्स्कजवळ मरण पावला. इथे आपल्या देशाच्या कामाचा माल नाही, मला खोटे सांगून फसवले, असे तो लिहून गेला. धंद्याच्या दृष्टीने त्याची फेरी बुडीतच, पण टिपणे मॉस्कोला पोचली आणि रेवदंड्यात आज त्याचे स्मारक उभे आहे. आपल्या वरसईचे विष्णुभट गोडसे यांचेही तसेच. दानदक्षिणेच्या आशेने १८५७ मध्ये उत्तरेकडे गेले, झाशीच्या वेढ्यात सापडले, मिळवलेले लुटले गेले. मिळकत म्हणून उरला तो 'माझा प्रवास', आणि तोही १९०७ मध्ये चिंतामणराव वैद्यांनी छापला म्हणून.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आहे. शोधामुळे काय मिळाले हे आपल्या एकादशीच्या फराळातच दिसते: साबुदाण्याचा कंद, बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि रताळे ही सगळी मूळची अमेरिकेची, समुद्र ओलांडून आलेली. पण ज्यांनी ही पिके हजारो वर्षे जोपासली, त्या अमेरिकेतल्या समाजांना त्याच जहाजांनी देवी आणि गुलामगिरी नेऊन दिली. कॅरिबियन बेटांवरची मूळ वस्ती कोलंबसानंतर दोन पिढ्यांत जवळजवळ नाहीशी झाली.

वाटेवरच्या समाजांचे काय झाले, हे पाहायला तर इतके लांब जायला नको. पीटर मंडी या इंग्रजाला १६३२ मध्ये उत्तर हिंदुस्थानात धान्य लादलेल्या चौदा हजार बैलांचा एक लमाण तांडा भेटला. बायकामुले, कुत्री, बिऱ्हाड सगळे बरोबर, दिवसाला सहा-सात मैल. मोगलांच्या फौजा याच तांड्यांनी आणलेल्या धान्यावर जगल्या, आणि १८०३ मध्ये मराठ्यांवर चालून आलेल्या वेलस्लीचीही रसद बंजाऱ्यांनीच वाहिली. देशाचे मीठ आणि धान्य ज्यांच्या पाठबळावर फिरत होते त्यांची लदणी १८५३ नंतर पसरलेल्या आगगाडीने मोडली. धंदा गेला तरी हिंडणे सुटले नाही, आणि सरकारला हिंडणारा माणूस संशयित वाटू लागला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसे जन्मतःच गुन्हेगार ठरवली. ठिकठिकाणचे बंजारेही त्या यादीत आले. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये अशा जमाती तारेच्या कुंपणाआड ठेवल्या आणि त्यांची रोज हजेरी घेतली. मुळात हिंदुस्थानातून गेलेल्या रोमा लोकांविरुद्ध इंग्लंडने असाच कायदा १५३० मध्येच केला होता. ज्या एकोणिसाव्या शतकाने लिव्हिंग्स्टन आणि स्टॅन्ली या आफ्रिकेतल्या शोधकांच्या भटकंतीचा गौरव केला, त्याच शतकाने लमाणाच्या भटकंतीला गुन्हा ठरवले. आपल्याकडचा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी सुटला, कलंक मात्र लवकर सुटला नाही. १९८० मध्ये लक्ष्मण माने यांचे 'उपरा' आले, तेव्हा या वाटेवरचा माणूस मराठीत स्वतःच्या लेखणीने बोलू लागला.

या पुस्तकात 'जगातला पहिला' अशी बिरुदे जवळजवळ सापडणार नाहीत, आणि ते योग्यच आहे. वाचकाला एवढेच सुचवावेसे वाटते की नकाशा शेजारी ठेवून वाचावे. कोण कुठून निघाला यापेक्षा त्याला पाणी कोणी दाखवले, भाषा कोणी समजावली, वारा कोणी सांगितला, याकडे लक्ष ठेवावे.

आणि एक विनंती, विशेषतः तरुण अभ्यासकांना. दिवाळी झाली की घाटमाथ्यापलीकडच्या कोरड्या पट्ट्यातले धनगर आजही मेंढरे घेऊन कोकणात उतरतात, भात कापलेल्या खाचरांत ती बसवतात, लेंडीखताच्या बदल्यात धान्य-पैसा घेतात आणि पावसाच्या आधी माघारी वळतात. कोणत्या गावात किती मुक्काम, कोणत्या घाटात पाणी, कोणत्या शेतकऱ्याशी आजोबांपासूनचा घरोबा, हे सगळे त्यांच्या डोक्यात आहे. माधव गाडगीळ आणि कैलास मल्होत्रा यांच्यासारख्यांनी त्याचा काही भाग अभ्यासला. बरेच काम अजून बाकी आहे. रस्ते रुंद होत आहेत, गायराने संपत आहेत, पोरे शहरात जात आहेत. या वाटा जाणणारी पिढी आहे तोवर कोणी तरी वही घेऊन त्यांच्याबरोबर एक हंगाम चालावे, आणि जे लिहील त्यावर वाट दाखवणाऱ्याचे नाव आधी घालावे.